वेडे पुढारी, शहाणी व्यवस्था

एक पुस्तक वाचलं आणि डोकं फिरलं. पुस्तकही डोकं फिरण्याविषयीच आहे, म्हणजे हिशेब बरोबर झाला.

'ए फर्स्ट-रेट मॅडनेस' हे त्याचं नाव. अव्वल दर्जाचं वेड, असं आपण म्हणू. लेखक नासिर घैमी. मूळचा इराणचा, अमेरिकेत मानसरोगाचा डॉक्टर आणि प्राध्यापक. पुस्तक २०११ साली निघालं. वाशिमला कॉलेजात शिकलेल्या एका दोस्तानं ते माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाला, "वाच. तुह्या कवितेत जे आहे तेच याच्यात आहे."

मी मालेगावात डाळ मिलमध्ये काम करतो. नाशिककडचं नव्हे, वाशिम जिल्ह्यातलं मालेगाव. गावाचं नाव सांगितलं की बाहेरचा माणूस आधी यंत्रमाग विचारतो. आमच्याकडे तूर आहे, सोयाबीन आहे, आणि ट्रका जायला रस्ता आहे. शाळा दहावीला सुटली. इंग्रजी मी डिक्शनरी मांडीवर घेऊन शिकलो. पुस्तक संपवायला चार महिने लागले. पण सावकाश वाचणाऱ्याला खोट लवकर दिसते. फडाफड वाचणाऱ्याला नुसती भाषा दिसते.

ज्याच्यावर टीका करायची त्याचं म्हणणं आधी नीट मांडावं, ही शिस्त आपण बाबासाहेबांकडून शिकलो. म्हणून आधी घैमीचं म्हणणं सांगतो.

तो म्हणतो, सगळं सुरळीत असतं तेव्हा निरोगी मनाचा पुढारी चांगला. गाडी रुळावर असते, नुसती हाकायची असते. पण संकट आलं, लढाई आली, यादवी आली की हाच शहाणा पुढारी कुचकामाचा ठरतो. कारण आयुष्यभर त्याचं बरंच झालेलं असतं. पुढंही बरंच होईल असं त्याला वाटत राहतं. अशा वेळी कामाला येतो तो मनाच्या आजारातून गेलेला माणूस. ज्याला डिप्रेशन म्हणतात त्या खोल उदासीतून माणसाला दोन गोष्टी मिळतात. जग आहे तसं दिसतं, आणि दुसऱ्याचं दुःख कळतं. उन्मादातून आणखी दोन मिळतात. नवं सुचतं, आणि पडलेला माणूस पुन्हा उठतो. दाखले म्हणून लिंकन, चर्चिल, गांधी, मार्टिन ल्यूथर किंग. समोरच्या पारड्यात निरोगी मनाचे चेंबरलेन, बुश, ब्लेअर.

यातलं एक मला पटलं, ते आधीच कबूल करतो. आजारी मनाचा माणूस कचरा नाही, हे एका डॉक्टरनं ठणकावून सांगितलं. १९७२ साली अमेरिकेत थॉमस ईगलटन नावाचा सिनेटर उपाध्यक्षपदाला उभा होता. त्यानं पूर्वी उदासीवर विजेच्या झटक्याचा उपचार घेतला होता हे बाहेर आलं आणि अठरा दिवसांत त्याला माघार घ्यावी लागली. आपल्याकडे तर 'येडा' ही शिवीच आहे. पोरगी देताना विचारतात, घरात कोणी येडं नाही ना? अशा समाजात घैमीचं पुस्तक एक दार उघडतं. पण त्या दारातून आपण कुठं शिरतो ते पाहिलं पाहिजे.

आमच्या मिलमध्ये तूर आली की आधी चाळणी. चांगला दाणा वर राहतो, बारका खाली पडतो. मग रोलर, तेल, ऊन, पुन्हा रोलर. शेवटी शेठ गिऱ्हाइकाला वरची डाळ दाखवतो. गिऱ्हाईक म्हणतं, वा, काय माल आहे! पोत्यात खडा किती होता, किडका दाणा किती, चुरी किती झाली, हे त्याला विचारायचं कारण नसतं. ते खाली बसून झाडणाऱ्या बाईला माहीत असतं.

घैमीनं हेच केलंय. चाळणीवर उरलेले सात-आठ मोठे दाणे उचलले आणि पोत्याचा स्वभाव सांगितला. लिंकन उदास होता आणि थोर झाला. कबूल. १८४१ च्या हिवाळ्यात त्याच्या मित्रांनी त्याच्याजवळचे वस्तरे, सुऱ्या लपवल्या होत्या, इतका तो खचला होता. पण तेवढंच खचलेले बाकीचे कुठं आहेत? आमचा वाशिम जिल्हा पश्चिम विदर्भातला. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळं २००६ साली पंतप्रधानांनी सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केलं. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वर्धा आणि वाशिम. नुसत्या उदासीतून पुढारी निपजत असते तर आमच्या जिल्ह्यात लिंकनचं पीक आलं असतं.

आणि आपल्या चळवळीतलाच दाणा दाखवायचा तर शाहीर विलास घोगरे दाखवतो. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक जमले, आणि राज्य राखीव पोलिसांनी गोळ्या चालवल्या. दहा माणसं गेली. त्यानंतर काही दिवसांतच विलास घोगरे यांनी स्वतःचं जीवन संपवलं. जग आहे तसं त्यांना दिसलं होतं. दुसऱ्याचं दुःख त्यांना कळत होतं, म्हणून तर ते शाहीर होते. घैमीनं सांगितलेले दोन्ही गुण होते. तरी ते चाळणीखाली गेले. ज्या पुस्तकाला त्यांचा हिशेब लावता येत नाही ते पुस्तक आपल्याला अपुरं आहे.

'उदास माणसाला जग खरं दिसतं' या गोष्टीचा उगमही मी शोधला. १९७९ साली अमेरिकेत कॉलेजच्या पोरांवर एक प्रयोग झाला. बटण दाबायचं, हिरवा दिवा लागतो की नाही पाहायचं, आणि तो तुमच्या दाबण्यानं किती लागला ते सांगायचं. उदास पोरांचा अंदाज जास्त बरोबर निघाला म्हणे. २०२२ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तो पुन्हा करून पाहिला, तेव्हा तसं काही निघालं नाही. बटण आणि दिवा यांच्यावरून देश कोणी चालवायचा ते ठरवणं म्हणजे एका मुठीवरून खळ्याचा भाव करणं.

आता दुसरा मुद्दा, हा आपल्या जास्त जवळचा. वेडा कोण हे ठरवतो कोण?

कोल्हापूरला चौथे शिवाजी नावाचे छत्रपती होऊन गेले. दत्तक म्हणून आले तेव्हा लहान होते. पुढं त्यांना वेड लागलं असं इंग्रज सरकारनं ठरवलं आणि कारभार दिवाण बर्वे यांच्या हातात राहिला. महाराजांचा छळ होतोय असं 'केसरी' आणि 'मराठा'नं छापलं. बर्व्यांनी अब्रूनुकसानीचा खटला भरला आणि १८८२ साली टिळक, आगरकर डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस राहून आले. त्या वेळी जोतीराव फुल्यांच्या शब्दावर त्यांचे सहकारी रामशेठ उरवणे यांनी दहा हजारांचा जामीन उभा केला होता, हे पुढं टिळकांच्या आरत्या ओवाळणाऱ्यांना आठवत नाही. महाराजांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवलं. तिथं २५ डिसेंबर १८८३ ला ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झटापट होऊन ते मेले. वय वीस.

महाराज खरोखर आजारी होते की छळानं तसे झाले, यावर आजही वाद घालता येतो. पण एक गोष्ट वादाची नाही. 'वेडा' हा शिक्का मारण्याचा अधिकार ज्याच्या हातात होता त्याच्याच हातात तिजोरीची किल्ली राहिली. घैमी दवाखान्यातली तपासणी करतो, पण तपासणाऱ्याची तपासणी करत नाही. आपल्याला ती करावीच लागते. गुलामगिरीच्या काळात अमेरिकेतल्या एका डॉक्टरनं पळून जाणाऱ्या काळ्या गुलामाला एक मानसिक रोग लावून दिला होता. पळण्याचाच रोग! मालक निरोगी, पळणारा आजारी. आमच्याकडे सरपंचासमोर खुर्चीवर बसलेल्या पोराला म्हणतात, डोकं फिरलं काय रे तुझं? रोगाचं नाव वेगळं, डॉक्टर तोच.

आणि कोल्हापूरची गोष्ट इथं संपत नाही. त्या मेलेल्या महाराजांच्या गादीवर १८८४ साली दुसरा मुलगा दत्तक आला. ते शाहू महाराज. १८९६-९७ चा दुष्काळ आला, पाठोपाठ प्लेग आला. यापेक्षा मोठं संकट कोणतं? शाहूंनी स्वस्त धान्याची दुकानं काढली, दुष्काळी कामं काढली, प्लेगचा बंदोबस्त केला. २६ जुलै १९०२ ला मागासलेल्यांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या. १९२० साली माणगावच्या परिषदेत उभं राहून बाबासाहेब हेच तुमचे पुढारी, असं सांगितलं. या कामाला वेड लागलं नाही. नजर लागली, नियत लागली, आणि हिशेबाची वही लागली. त्याच प्लेगात १८९७ साली पुण्याला सावित्रीबाई रोग्यांची सेवा करता करता गेल्या. घैमीच्या पारड्यांत यांना जागाच नाही. कारण त्याच्या यादीत संकट म्हणजे बहुतेक लढाई, आणि पुढारी म्हणजे बहुतेक गोरा पुरुष.

तिसरा मुद्दा. संकट कोणाचं? चर्चिलला स्वतःच्या उदासीसाठी शब्द होता, काळा कुत्रा. त्या कुत्र्यानं त्याला हिटलर ओळखायला शिकवलं, असं घैमीचं म्हणणं. असेल. पण १९४३ साली बंगालात दुष्काळ पडला, अंदाजे तीस लाख माणसं मेली, तेव्हा इंग्लंडचा पंतप्रधान कोण होता? हाच. त्या वेळी दुसऱ्याचं दुःख कळण्याचा तो गुण कुठं गेला होता? भुकेल्यांचा रंग पाहून परत फिरला काय? याचा अर्थ असा की सहानुभूती आजारातून येत नाही. ती आपला कोण आणि परका कोण या हिशेबातून येते, आणि तो हिशेब समाज शिकवतो. गांधींचंही तेच. विसाव्या शतकातला सहानुभूतीचा महामेरू म्हणून पुस्तक त्यांना उभं करतं. सप्टेंबर १९३२ मध्ये येरवड्याच्या तुरुंगात उपोषणाला बसताना ती सहानुभूती आमच्या स्वतंत्र मतदारसंघावर का पडली नाही, हा प्रश्न पुस्तक विचारत नाही. तो आपण विचारायचा. त्या आठवड्यात खरं संकट कोणावर होतं? उपाशी माणसावर, की त्याचा जीव गेला तर गावोगावच्या कोणत्या वस्त्या पेटतील हे जाणून सही करणाऱ्यावर?

आणि हिटलर? घैमीला तोही आजारीच वाटतो. मग वेडानं पुढारी चांगला होतो या सिद्धान्ताचं काय? तर म्हणे आजार बेताचा होता, औषधांच्या नशेनं बिघडवला. म्हणजे चांगलं झालं तर वेडाचं श्रेय, वाईट झालं तर नशेचा दोष. अशी तागडी आमच्या बाजारात कोणी ठेवली तर हमालसुद्धा ओळखतील.

लिंकनचंही श्रेय पूर्ण लिंकनला देऊ नका. १ जानेवारी १८६३ च्या जाहीरनाम्यावर सही त्याची. पण त्याआधीच हजारो गुलाम मळे सोडून निघाले होते. पुढं पावणेदोन लाखांहून जास्त काळे शिपाई त्या फौजेत लढले. १९३५ साली डु बॉइस या काळ्या विद्वानानं याला गुलामांचा सार्वत्रिक संप म्हटलं. संपाची भाषा आपल्याला कळते. मालकाचं मन हळवं झालं म्हणून संप जिंकत नाही.

आता नाजूक ठिकाणी येतो. पुस्तक देणारा दोस्त म्हणाला, "बाबासायबांचं पाह्य ना. किती दुःख भोगलं. त्यातूनच तर झाले." मला माहीत आहे, तुमच्यापैकी पुष्कळांच्या मनात हेच आलं असेल.

पाहू. १९१७ साली परदेशातून शिकून आलेला माणूस बडोद्याला नोकरीवर जातो, पारशाच्या खाणावळीतून त्याला काठ्या घेऊन आलेले लोक हाकलतात, आणि तो कमाठी बागेत बसून रडतो. १९२६ साली राजरत्न जातो, चौथं लेकरू. पुढच्या मार्चमध्ये, १९२७ ला, महाडचं तळं. २७ मे १९३५ ला रमाई जातात, चरित्रकार लिहितात की कित्येक दिवस बाबासाहेब शोकात बुडालेले होते. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला येवला. १८ मार्च १९५६ ला आग्र्याला शिकलेल्यांनी दगा दिला म्हणून भर सभेत डोळे भरतात. १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमी.

तारखा शेजारी ठेवल्या की असं वाटतं, दुःख झालं म्हणून क्रांती झाली. मीही असं समजत होतो. पण मित्रांनो, दुःख म्हणजे आजार नाही. लेकरू मेलं तर बाप रडतो, तो निरोगी बाप. बागेत बसून रडणाऱ्याच्या मनात बिघाड नव्हता. बिघाड काठ्या घेऊन आलेल्यांच्या डोक्यात होता. त्या रडण्याला आजार म्हणाल तर जातीला मोकळं सोडाल. आणि त्या आजाराला देणगी म्हणाल तर त्याहून वाईट. मग कोणीतरी उद्या सांगेल, बघा, आम्ही हाकललं नसतं तर तुमचे बाबासाहेब झाले असते काय? जखम करणाऱ्यालाच जखमेचं श्रेय! हे पुस्तक वाईट हेतूनं लिहिलेलं नाही. पण वाईट हेतूचा माणूस ते असं वापरू शकतो.

बाबासाहेबांसारखंच भोगलेले लाखो होते. फरक कुठं पडला? अभ्यासात पडला. न्यूयॉर्कच्या, लंडनच्या ग्रंथालयांत पडला. 'मूकनायक' काढण्यात, सभा बांधण्यात, पुरावे गोळा करण्यात पडला. आणि त्यांच्यामागं उभ्या राहिलेल्या, भाकरी बांधून महाडला चालत गेलेल्या माणसांत पडला.

मार्टिन ल्यूथर किंगचंच बघा. बारा वर्षांचा असताना आजी गेली म्हणून त्यानं वरच्या खिडकीतून उडी टाकली होती. घैमी ते आजाराच्या खात्यात मांडतो. पण १९६७ च्या सप्टेंबरात किंग अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या परिषदेत बोलायला उभा राहिला तेव्हा त्यानं काय सांगितलं? तुमच्या शास्त्रात समाजाशी जुळवून न घेणं याला बिघाड म्हणतात. पण काही गोष्टींशी, वर्णभेदाशी, उपासमारीशी, माणसानं कधीच जुळवून घेऊ नये, असा त्याचा आशय होता. हे आजाराचं कौतुक नाही. आजारी कोण, माणूस की समाज, हा सवाल आहे. किंगनं न जुळवून घेणं निवडलं होतं. आजार कोणी निवडत नाही.

शेवटचा पुरावा आपल्या घरातलाच आहे. जगातली सगळ्यांत जुनी 'उदास पुढाऱ्या'ची गोष्ट कोणती? राजपुत्र सिद्धार्थ रथातून निघतो, म्हातारा बघतो, रोगी बघतो, प्रेत बघतो, मन उडतं, घर सोडतो. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहिताना ही गोष्ट नाकारली. एकोणतीस वर्षांच्या माणसानं त्याआधी म्हातारा पाहिला नव्हता, हे बुद्धीला पटत नाही म्हणाले. त्यांच्या सिद्धार्थाचं संकट रोहिणी नदीच्या पाण्याचं आहे. शाक्य आणि कोलीय यांचं भांडण. सेनापती म्हणतो, युद्ध. सिद्धार्थ संघात उभा राहून म्हणतो, दोन माणसं आपली निवडा, दोन त्यांची, चौघांनी मिळून पाचवा निवडावा, आणि पाचांनी निवाडा करावा. मतदान होतं. तो हरतो. घरादारावर बहिष्कार येईल, जमीन जाईल अशी धमकी मिळते. तो शांतपणे स्वतः बाहेर जाणं पत्करतो.

बघा, झटका नाही, उन्माद नाही, उदासी नाही. पाण्याचा प्रश्न, सभा, प्रस्ताव, मत, आणि आपल्या मताची किंमत मोजणं. भर संकटात सगळी सभा पेटलेली असताना एकच माणूस थंड डोक्याचा. बाबासाहेबांना संकटातला पुढारी असा दिसत होता.

आता माझी कविता. दोस्तानं पहिल्याच दिवशी जिची आठवण काढली ती.

माझ्या मामाचा पोरगा, आम्ही त्याला दादा म्हणतो. नाव लिहीत नाही. १ जानेवारी २०१८ ला भीमा कोरेगावहून परतणाऱ्या आपल्या माणसांवर हल्ला झाला. तीन तारखेला महाराष्ट्र बंद. त्या आठवड्यात दादा पेटला. असं बोलायचा की अंगावर काटा यायचा. झोपायचा नाही. मी म्हटलं, दादा, पडून घे जरा. म्हणाला, "मले झोपीची गरजच नाही रे. बाबासायब झोपत होते का?" मोटारसायकल विकली आणि पोस्टर छापले. दिल्लीपर्यंत पायी जायचं म्हणाला. आम्ही पोट्टे टाळ्या वाजवत होतो. मी वीस वर्षांचा होतो. त्याच्यावर कविता लिहिली. शहाण्यांनी ही दुनिया नासवली, आता येडेच ती दुरुस्त करतील, असा तिचा भाव. मेहकरला वाचली, वाशिमला वाचली. लोकांनी पुन्हा वाचायला लावली.

मार्चमध्ये दादा गप्प झाला. खोलीतून निघेना. १४ एप्रिलची मिरवणूक त्याच्या दारावरून गेली, तो बाहेर आला नाही. आम्ही काय म्हणालो? विकला गेला. कोण्या पार्टीनं घेतला. दार वाजवून विचारायला कोणी गेलं नाही, मीसुद्धा नाही. मामी त्याला भगताकडे घेऊन गेली. बावीस प्रतिज्ञांची पाटी लावलेल्या घरात अंगारा आला. आणि एका पहाटे मामीनं त्याला विहिरीच्या काठावरून हात धरून परत आणलं. त्यानंतर नागपूरला डॉक्टर. गोळ्या. वर्ष लागलं.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागलं. खरं संकट. मुंबई-पुण्याकडून माणसं रस्त्यानं चालत येत होती. वस्तीत रेशनकार्ड नसलेली घरं होती, कार्ड असून धान्य न मिळालेली होती. त्या वेळी मोठमोठ्यानं बोलणारे आम्ही मोबाइलवर बोटं चालवत होतो. दादानं वही घेतली. घरोघरी फिरला, नावं लिहिली, कोणाकडे किती दिवसांचं पीठ आहे ते लिहिलं, तहसीलला अर्ज दिले. रात्री नऊला गोळी घेऊन झोपायचा. सकाळी पुन्हा वही. एक घर सुटलं नाही.

घैमी म्हणेल, पाहा, आजारातून गेलेला म्हणूनच त्याला दुसऱ्याचं कळलं. मी हे दादालाच विचारलं. तो म्हणाला, "आजारात मले कोणाचंच कळत नव्हतं बाप्पा. मायचंही नाही. बरा झालो तवा कळाया लागलं." मग माझ्याकडे बघून विचारलं, "काहून रे, माह्या आजारावर टाळ्या घेतल्या का तू?"

उत्तर नव्हतं. आजही नाही. ती कविता मी मागं घेतो. कोणी म्हणायला सांगितली तरी म्हणणार नाही.

म्हणून माझं मत सांगतो. मनाचा आजार ही पुढारीपणाची पात्रता नाही, आणि अपात्रताही नाही. आपल्या घटनेतही पाहा. ३२६ व्या कलमात मताचा हक्क कशानं जाऊ शकतो त्यात मन ठिकाणावर नसणं आहे. पण आमदार-खासदाराला त्या कारणानं अपात्र ठरवायचं तर तसं सक्षम न्यायालयानं जाहीर करावं लागतं. भाऊबंदांनी नाही, पार्टीनं नाही, चौकातल्या लोकांनी नाही. आपण मात्र चौकातच निकाल देतो. कधी 'पेटलाय' म्हणून खांद्यावर घेतो, कधी 'विकला' म्हणून टाकून देतो. दोन्ही वेळा माणूस आजारी असतो, आणि आपण त्याच्याकडे बघितलेलं नसतं.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं सरकारी सेवेतून उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. पण तालुक्याच्या गावाहून डॉक्टरपर्यंत जायला एक दिवसाची मजुरी आणि गाडीभाडं लागतं. हा आपल्या मागणीपत्रात लिहायचा मुद्दा आहे. रस्ता, रेशन, शिष्यवृत्ती लिहितो तसं हेही लिहा, तालुक्याला मनाचा डॉक्टर आणि गोळ्या.

आणि आपल्या आपल्यात एक ठराव करा. जो कार्यकर्ता तीन रात्री झोपला नाही त्याच्या हातात माईक देऊ नका. त्याला जेवू घाला, त्याच्याजवळ बसा. जो मिरवणुकीला आला नाही त्याला गद्दार म्हणण्याआधी त्याचं दार वाजवा.

पुढच्या रविवारी विहारात बैठक आहे. इतिवृत्त दादा लिहिणार आहे. जयभीम.